सर्व्हर चालू आहे, मग ॲप का दिसत नाही?

'सर्व्हर डाऊन आहे' असा निरोप आला की आधी विचारावे, कोणता? जावाच्या वेब ॲप्लिकेशनच्या बाबतीत हा निरोप बहुतेक वेळा खरा नसतो. प्रोसेस जिवंत असते, मेमरी शिल्लक असते, सीपीयू निवांत असतो. तुटलेली असते ती दोन चालू गोष्टींमधली जोडणी: ब्राउझर आणि प्रॉक्सी, प्रॉक्सी आणि टॉमकॅट, टॉमकॅट आणि डेटाबेस. ती का तुटली याचा माग काढत गेले की अनेकदा गाडी एखाद्या बदललेल्या डिफॉल्टपाशी येऊन थांबते. जुन्या आवृत्तीत जे आपोआप व्हायचे ते नव्या आवृत्तीत होत नाही. जी सेटिंग वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली, ती नवा सर्व्हर वाचतसुद्धा नाही. फाइल जुनी आणि सर्व्हर नवा, या जोडीने सपोर्टवाल्यांच्या जितक्या रात्री खाल्ल्या, तितक्या कोडमधल्या बगांनी खाल्ल्या नसतील.

मंडळी ओळखीचीच आहेत. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला सर्व्हलेट कंटेनर १९९९ मध्ये अपाची फाउंडेशनकडे आला आणि टॉमकॅट या नावाने पसरला. बँका आणि विमा कंपन्यांत वेबलॉजिक आणि वेबस्फिअर बसले. जेबॉसचे नाव २०१४ मध्ये वाइल्डफ्लाय झाले. त्याच वर्षी स्प्रिंग बूट आले आणि टॉमकॅट थेट ॲपच्या पोटात जाऊन बसला. 'आमच्याकडे टॉमकॅट नाही, स्प्रिंग बूट आहे' असे सांगणाऱ्या टीमच्या लॉगमध्येही टॉमकॅटच बोलत असतो. त्यामुळे पुढे उदाहरणे मुख्यतः टॉमकॅटची आहेत. बाकीच्यांची दुखणी फारशी वेगळी नाहीत, फक्त पोर्ट वेगळे.

हिंजवडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमध्ये रात्रपाळीला बसलेली कितीतरी मराठी मुले-मुली परदेशातल्या ग्राहकांचे हेच सर्व्हर सांभाळतात. त्यांच्या हाती दिलेल्या रनबुकमध्ये पहिली ओळ बहुधा 'रीस्टार्ट करा' हीच असते. त्या ओळीबद्दल शेवटी बोलू.

सुरूच होत नाही

हा प्रकार सर्वांत सोपा, कारण इथे सर्व्हर स्वतः तोंड उघडतो. 'जावा होम' ठरलेले नाही, किंवा ठरले आहे पण भलत्याच जावाकडे बोट दाखवते. हाताने चालवला तर सुरू होतो आणि सिस्टिमडीने चालवला तर होत नाही, असे दिसले की समजावे: तुमच्या लॉगिनमधली व्हेरिएबल्स सिस्टिमडीला दिसत नाहीत. ती टॉमकॅटच्या 'सेटएन्व्ह' फाइलमध्ये किंवा सर्व्हिसच्या व्याख्येत लिहावी लागतात.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' ही एरर दिसली तर तिच्यातला आकडा वाचावा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. क्लास ६१ चा आणि चालवणारा ५५ पर्यंतचा, असे ती एरर स्पष्ट सांगते. तरीही लोक ॲपची वॉर फाइल पुन्हापुन्हा बिल्ड करत बसतात.

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणजे पोर्ट दुसऱ्याने अडवले आहे, आणि हा दुसरा बहुधा तोच टॉमकॅट असतो, अर्धवट मेलेला. बंद करण्याची आज्ञा दिली, कनेक्टर बंद झाले, पण ॲपने सुरू केलेला एखादा थ्रेड चालूच राहिला म्हणून प्रोसेस उठून गेली नाही. 'एसएस' या कमांडने पोर्ट कोणत्या प्रोसेसच्या ताब्यात आहे ते एका ओळीत कळते. एकाच मशीनवर दोन टॉमकॅट असतील तर ८०८० बदलून भागत नाही. बंद करण्याचा निरोप ज्यावर येतो तो ८००५ सुद्धा वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर दुसरा टॉमकॅट उठता उठताच बसतो. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, हेही लक्षात असावे. म्हणून टॉमकॅट थेट ८० वर बसवायचा हट्ट सोडून पुढे प्रॉक्सी ठेवलेली बरी.

सुरू आहे, पण पोहोचता येत नाही

इथे एररचा नेमका मजकूर सोन्याच्या मोलाचा असतो, आणि तक्रार करणारा नेमका तोच सांगत नाही. 'कनेक्ट होत नाही' एवढेच सांगतो. पण कनेक्ट न होण्याचे चार प्रकार आहेत आणि चारींचे उपाय वेगळे आहेत.

'कनेक्शन रिफ्यूज्ड', लिनक्समधला क्रमांक १११, म्हणजे पाकीट समोरच्या मशीनपर्यंत पोहोचले आणि तिथल्या कर्नलने कळवले की या पत्त्यावर या पोर्टवर कुणी ऐकत नाही. नेटवर्क ठीक आहे. सर्व्हर सुरू आहे का आणि कोणत्या पत्त्यावर ऐकतो आहे ते बघा. 'कनेक्शन टाइम्ड आउट', क्रमांक ११०, म्हणजे उत्तरच आले नाही. मधली फायरवॉल किंवा क्लाउडमधला सिक्युरिटी ग्रुप पाकिटे मुकाट गिळतो आहे. लिनक्स नेहमीच्या सेटिंगने सहा वेळा पुन्हा प्रयत्न करून सुमारे १२७ सेकंदांनी हात टेकतो, म्हणून एरर दोन मिनिटांनी आली तर संशय थेट फायरवॉलवर घ्यावा. 'कनेक्शन रिसेट', क्रमांक १०४, म्हणजे चालू जोडणी समोरून तोडली गेली. आणि 'नो रूट टू होस्ट', क्रमांक ११३. नाव वाचून लोक राउटर तपासायला धावतात. रेड हॅटच्या घराण्यातल्या मशीनवर मात्र ही एरर बहुधा त्याच मशीनवरची फायरवॉलडी देत असते, कारण ती पाकीट गिळत नाही, नकार देते, आणि तो नकार या नावाने वाचला जातो. नेटवर्कच्या टीमला रात्री उठवून राउटिंग टेबल तपासायला लावायचे आणि शेवटी पोर्ट उघडायची एक ओळ टाकायची, हा 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी'चा नमुना मी अनेकदा पाहिला आहे.

रिफ्यूज्ड येते आहे आणि सर्व्हर तर चालू आहे, मग? बहुधा तो फक्त स्वतःशी बोलतो आहे. जेबॉस ४.२ पासून डिफॉल्टने १२७.०.०.१ वरच ऐकू लागला. त्या मशीनवर बसून ब्राउझर उघडला तर सगळे छान, शेजारच्या मशीनवरून काहीच नाही. सुरू करताना ऐकण्याचा पत्ता दिला की काम होते. हा बदल सुरक्षेसाठी होता आणि योग्यच होता. पण जुनी स्क्रिप्ट तशीच नव्या मशीनवर नेणाऱ्याला तो कोण सांगणार? डॉकरमध्ये याच दुखण्याचा नवा अवतार दिसतो. कंटेनरच्या आत 'लोकलहोस्ट' म्हणजे तो कंटेनर स्वतः. बाहेरच्या मशीनवरचा डेटाबेस त्या नावाने कधीच सापडणार नाही.

रेड हॅटवर आणखी एक चकवा आहे. अपाची वेब सर्व्हर ८० वर, टॉमकॅट ८०८० वर, दोन्ही चालू, कमांड लाइनवरून 'कर्ल' केले तर टॉमकॅट उत्तर देतो, आणि ब्राउझरमध्ये मात्र ५०३. अपाचीच्या एरर लॉगमध्ये क्रमांक १३, 'परमिशन डिनाइड'. ही फाइलची परवानगी नव्हे. वेब सर्व्हरने स्वतःहून दुसरीकडे जोडणी करायला एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेची मनाई असते. त्यासाठी एक बुलियन चालू करावे लागते. त्याऐवजी अख्खे एसईलिनक्सच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये.

४०४ आणि चुकीचा लॉग

टॉमकॅटचे पान दिसते, ॲपचे दिसत नाही. कॅटलिना.आउट ही टॉमकॅटची मुख्य लॉग फाइल उघडली तर एकच कोरडी ओळ: एक किंवा अधिक लिसनर सुरू झाले नाहीत, तपशील योग्य त्या कंटेनर लॉगमध्ये पाहा. नवखा माणूस इथेच अडकतो, कारण तो 'योग्य तो लॉग' कोणता हे तिथे लिहिलेले नसते. तो त्याच फोल्डरमध्ये असतो, नाव 'लोकलहोस्ट' आणि पुढे तारीख. स्टॅक ट्रेस तिथे पडलेली असते, आणि तीही तळापासून वाचायची: शेवटचे 'कॉज्ड बाय' हे मूळ दुखणे, वरचे सगळे त्याचे पडसाद.

काहीच एरर नाही आणि तरी ४०४, हा प्रकार टॉमकॅट १० ने आणला. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवली, २०१८ मध्ये तिचे नाव जकार्ता ईई झाले, आणि 'जावाएक्स' या नावाच्या वापरावर दोघांचे जमले नाही. परिणामी २०२० च्या अखेरीस जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावे 'जावाएक्स'ची 'जकार्ता' झाली. टॉमकॅट १० फक्त नवी नावे ओळखतो. जुन्या स्प्रिंग बूट २ ची वॉर त्यात टाकली तर तो ती उलगडतो, 'डिप्लॉयमेंट पूर्ण झाले' असेही लिहितो, आणि तिच्यातला एकही सर्व्हलेट त्याला दिसत नाही. तक्रार नाही, एरर नाही, पान नाही. यावर दोन रस्ते आहेत: टॉमकॅट ९ वर राहणे, किंवा ॲप नव्या नावांवर नेणे. टॉमकॅटने वॉर आपोआप बदलून देणारे साधन आणि त्यासाठी वेगळे फोल्डरही दिले आहे. 'वेबॲप्स'ऐवजी 'वेबॲप्स-जावाईई'मध्ये वॉर टाकली की ती बदलून उतरते. सोय चांगली आहे. कायमचा मुक्काम तिथे करू नये.

डेटाबेसशी भांडण

जोडणीच्या तक्रारींचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

टॉमकॅटमध्ये सर्वांत जास्त शोधली गेलेली एरर बहुधा हीच असेल: 'कॅनॉट क्रिएट जेडीबीसी ड्रायव्हर ऑफ क्लास', त्यापुढे रिकामे अवतरण, आणि 'फॉर कनेक्ट यूआरएल नल'. लोक ड्रायव्हरचे जार बदलत बसतात. पण एररमध्ये ड्रायव्हरचे नाव रिकामे आहे आणि यूआरएल नल आहे, म्हणजे टॉमकॅटला तुमची व्याख्या सापडलेलीच नाही. ॲपच्या वेब.एक्सएमएलमध्ये 'मला हा डेटासोर्स हवा' असे लिहिले आहे, पण कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये त्या नावाचा रिसोर्स नाही, किंवा नावात एका अक्षराचा फरक आहे. जुन्या टॉमकॅटमध्ये आणखी एक भानगड होती. वॉरमधली कॉन्टेक्स्ट फाइल पहिल्या डिप्लॉयला सर्व्हरच्या कॉन्फ फोल्डरमध्ये कॉपी व्हायची आणि पुढे तीच जुनी प्रत वापरली जायची. नवी वॉर टाकली तरी पासवर्ड जुनाच. टॉमकॅट ७ पासून ही कॉपी डिफॉल्टने होत नाही.

रिसोर्सची व्याख्या सर्व्हरने वाचायची असेल तर ड्रायव्हरचे जारही सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये हवे. ॲपच्या आतले त्याला दिसत नाही. दोन्हीकडे ठेवून दोन आवृत्त्यांची मारामारी लावण्याचा प्रकारही पाहायला मिळतो.

आता भारतातल्या मशीनवर भेटलेली एक गंमत. मायएसक्यूएलच्या कनेक्टर/जे ८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्या जोडणी करताना सर्व्हरचा टाइमझोन विचारत. सर्व्हर म्हणे 'आयएसटी', आणि ड्रायव्हर म्हणे, हे नाव एकापेक्षा जास्त टाइमझोनना लागू आहे. ते खरेच आहे: आयएसटी भारताचा, इस्रायलचा आणि आयर्लंडचाही. दुसरीकडे चाललेले ॲप पुण्यात आले की जोडणीच होईना. यावर उपाय सगळीकडे एकच सांगितला जाई: यूआरएलच्या शेवटी 'सर्व्हर टाइमझोन' म्हणून 'एशिया/कोलकाता' जोडा. यूआरएलमध्ये आधीच एक पॅरामीटर असेल तर दुसरा जोडताना मध्ये अँपरसँडचे चिन्ह येते. कोडमध्ये ते चालते. एक्सएमएल फाइलमध्ये मात्र ते नुसते लिहिता येत नाही, त्याची पूर्ण एंटिटी लिहावी लागते. ती न लिहिल्यास पार्सर म्हणतो, 'या नावाच्या एंटिटीचा संदर्भ अर्धविरामाने संपला पाहिजे', आणि अख्खी कॉन्टेक्स्ट फाइल फेटाळली जाते. आता समोर टाइमझोनची एरर नाही, डेटाबेसची नाही, एक्सएमएलची आहे, आणि माणूस अर्धविराम शोधतो आहे. एका चिन्हापायी दुपार जाते. टॉमकॅटच्या 'कॅटलिना' स्क्रिप्टची 'कॉन्फिगटेस्ट' ही आज्ञा सर्व्हर.एक्सएमएलमधल्या अशा चुका सुरू करण्याआधीच दाखवते. ती वापरणारे फार थोडे.

ओरॅकलवाल्यांचे भांडण वेगळे. यूआरएलमध्ये पोर्टनंतर कोलन दिले तर पुढचे नाव एसआयडी समजले जाते, तिरकी रेघ दिली तर सर्व्हिस. १२५०५ म्हणजे लिसनरला ती एसआयडी माहीत नाही, १२५१४ म्हणजे ती सर्व्हिस माहीत नाही, १२५४१ म्हणजे लिसनरच नाही. पहिल्या दोन्हींत नेटवर्क चोख असते. डीबीएला नेमके नाव विचारले की दोन मिनिटांचे काम.

आता पूल. कनेक्शन पूल हे वाचनालयासारखे चालते: ठरावीक प्रती, वाचून झाले की परत, आणि परत न करणारे सभासद वाढले की कपाट रिकामे. कोडमध्ये एखाद्या एक्सेप्शनच्या वाटेवर कनेक्शन बंद करायचे राहिले की ते पूलमध्ये परतत नाही. दिवसभरात ती वाट काही वेळा चालली की पूल संपतो, आणि सगळे ॲप थांबते. पूल मोठा करणे हा यावरचा लोकप्रिय उपाय आहे. त्याने मरण दुपारी दोनऐवजी संध्याकाळी सहाला येते, एवढेच. सोडून दिलेल्या कनेक्शनची स्टॅक ट्रेस लॉगमध्ये छापायची सोय टॉमकॅटसोबत येणाऱ्या डीबीसीपी या पूलमध्ये आहे, हिकारी या पूलमध्ये गळती ओळखण्याची मर्यादा आहे. ती चालू केली की गळणारी ओळ नावानिशी सापडते.

डिफॉल्ट बदलल्याचे सर्वांत बोलके उदाहरण याच पूलमध्ये आहे. टॉमकॅट ७ मध्ये लोकांनी लिहून ठेवले होते: मॅक्सॲक्टिव्ह १००, मॅक्सवेट १०,०००. म्हणजे शंभर कनेक्शन, आणि न मिळाल्यास दहा सेकंदांनी एरर. टॉमकॅट ८ मध्ये डीबीसीपीची दुसरी आवृत्ती आली. तिने मॅक्सॲक्टिव्हचे नाव मॅक्सटोटल केले आणि मॅक्सवेटच्या मागे 'मिलिस' जोडले. जुनी नावे दिसली तर ती त्यांच्याकडे दुर्लक्ष करते. मॅक्सटोटलचे डिफॉल्ट आठ. थांबण्याचे डिफॉल्ट अमर्याद. म्हणजे शंभराचे आठ झाले आणि दहा सेकंदांचे अनंत झाले, तेही फाइलमध्ये एक अक्षर न बदलता. टेस्टिंगला तीन माणसे बसतात, आठ कनेक्शन त्यांना पुरतात, सगळे हिरवे. लाइव्ह गेल्यावर सोमवारी सकाळी टॉमकॅटचे दोनशे थ्रेड आठ कनेक्शनची वाट बघत उभे राहतात, आणि कुणालाही एरर येत नाही. पान फिरत राहते. सर्व्हर सुरू होतानाच लॉगमध्ये ताकीद येते: मॅक्सॲक्टिव्ह वापरले जात नाही, मॅक्सटोटल वापरा, डिफॉल्ट आठ आहे, तुम्ही दिलेल्या १०० कडे दुर्लक्ष केले. इतकी स्वच्छ ताकीद. पण तिच्यावर 'वॉर्निंग' असा शिक्का असतो, आणि आपल्याकडे वॉर्निंग वाचायची पद्धत नाही. भरीला, टॉमकॅटमध्ये दुसराही एक पूल येतो, आणि फॅक्टरी म्हणून तो निवडला तर मॅक्सॲक्टिव्ह हेच नाव बरोबर ठरते. त्यामुळे शेजारच्या टीमची फाइल जशीच्या तशी उचलण्यातही धोका आहे.

पूलचा हिशेब डेटाबेसच्या बाजूनेही करावा. पोस्टग्रेसचे डिफॉल्ट शंभर जोडण्यांचे, मायएसक्यूएलचे १५१. चार सर्व्हर, प्रत्येकाचा पूल पन्नासचा, म्हणजे दोनशे. गर्दी होईपर्यंत काही कळत नाही. गर्दी झाली की मागाहून आलेला सर्व्हर बाहेर.

रात्रभर निवांत पडलेली जोडणी सकाळी पहिल्या माणसाला दगा देते, याचे कारणही आकड्यांत आहे. मायएसक्यूएल निष्क्रिय जोडणी २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडते. पूलला ते ठाऊक नसते. सकाळी एररमध्ये लिहिलेले असते की शेवटचे पाकीट इतक्या मिलिसेकंदांपूर्वी आले. त्या आकड्याला ३६ लाखांनी भागले की तास मिळतात, आणि आठाच्या वर गेले की निदान पक्के. मधल्या उपकरणांची सहनशक्ती याहून पुष्कळ कमी. ॲझ्युअरचा लोड बॅलन्सर डिफॉल्टने चार मिनिटांत, ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर ३५० सेकंदांत निष्क्रिय जोडणी विसरतो, आणि लिनक्सचा कीपअलाइव्ह पहिली विचारपूस दोन तासांनी करतो. जोडणी देण्याआधी तपासून घेणे आणि तिचे आयुष्य मधल्या उपकरणाच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवणे, हा यावरचा टिकाऊ इलाज.

प्रॉक्सी, घोस्टकॅट आणि टीएलएस

प्रॉक्सीचे आकडे पाठ असावेत. एंजिनएक्सने ५०२ दिला तर मागचा सर्व्हर भेटला नाही किंवा मध्येच तुटला. ५०४ दिला तर बहुधा भेटला, पण ठरल्या वेळेत, डिफॉल्टने साठ सेकंदांत, उत्तर आले नाही. ५०४ वर मुदत तीनशे सेकंद करून गप्प बसणारे पुष्कळ. क्वेरी तेवढीच मंद राहते, फक्त थ्रेड जास्त वेळ अडकतात.

टीएलएस प्रॉक्सीवर संपत असेल तर टॉमकॅटला वाटते की सगळे साध्या एचटीटीपीवर चालले आहे. मग लॉगिननंतर तो एचटीटीपीच्या पत्त्यावर पाठवतो आणि पान गरागरा फिरते. प्रॉक्सीने मूळ प्रोटोकॉल हेडरमध्ये पाठवायचा आणि टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावायचा, की हे थांबते.

फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचे भगदाड उघडकीला आले. टॉमकॅटचा एजेपी कनेक्टर, म्हणजे अपाचीशी बोलायची त्याची खिडकी, ८००९ वर डिफॉल्टने सगळ्या पत्त्यांवर ऐकत असे, आणि त्यातून ॲपच्या आतल्या फाइली बाहेरच्याला वाचता येत. टॉमकॅट ९.०.३१ मध्ये, आणि सोबत आठ व सातच्या नव्या आवृत्त्यांत, एजेपी डिफॉल्टने बंद झाला, फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकू लागला, आणि गुप्त शब्द सक्तीचा झाला. पॅच लावणे गरजेचेच होते. पण पॅच लावताच पुढे अपाची आणि मागे टॉमकॅट अशी हजारो जोडपी तुटली. गुप्त शब्द नसेल तर कनेक्टर सुरूच होईना. गुप्त शब्द द्यावा तर अपाचीच्या एजेपी मॉड्यूलला तो पाठवायची सोय आली २.४.४२ मध्ये, आणि डिस्ट्रोतला अपाची त्याहून जुना. शिवाय नव्या फाइलमध्ये नमुना म्हणून दिलेली ओळ आयपीव्ही६ च्या स्थानिक पत्त्याची होती. ती जशीच्या तशी उघडी केली आणि अपाचीने १२७.०.०.१ वर हाक मारली तर पुन्हा रिफ्यूज्ड. माझे मत विचाराल तर नव्या बांधणीत एजेपी हवेच कशाला? साध्या एचटीटीपी प्रॉक्सीने काम भागते आणि ती कर्लने तपासता येते.

टीएलएसची नेहमीची एरर 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड'. समोरच्याचे प्रमाणपत्र ज्या साखळीतून आले ती जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये नाही, किंवा समोरचा मधले प्रमाणपत्र पाठवतच नाही. ब्राउझरमध्ये उघडते म्हणून जावात उघडेल असे नाही; जावाची यादी स्वतःची असते, आणि जावा बदलला की जुन्या जावात भरलेले प्रमाणपत्र मागेच राहते. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणारा कोड चिकटवणे हा गुन्हा समजावा. एप्रिल २०२१ च्या अपडेटमध्ये जावा ८ आणि ११ ने टीएलएस १.० व १.१ डिफॉल्टने बंद केले. ८यू२९१ लावल्यावर जुना मायएसक्यूएल अचानक भेटेनासा झाला, तो यामुळे. ॲपही तेच, डेटाबेसही तोच, बदलला फक्त जावाचा शेपटातला आकडा.

आपली अक्षरे

मराठी वाचकाने हे दुखणे हमखास पाहिलेले असते: शोधाच्या चौकटीत 'पुणे' लिहिले आणि निकालात टोप्या घातलेली रोमन अक्षरे आली. टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलमधला मजकूर डिफॉल्टने आयएसओ-८८५९-१ समजून वाचला जाई. देवनागरीचे एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे, त्यामुळे एकाची तीन व्हायची. टॉमकॅट ८ पासून डिफॉल्ट यूटीएफ-८ झाले. हा बदल मात्र आपल्या बाजूचा. फॉर्ममधून येणाऱ्या मजकुरासाठी टॉमकॅट ९ पर्यंत एन्कोडिंगचा फिल्टर वेगळा लावावा लागतो. टोप्यांऐवजी प्रश्नचिन्हे आली तर दोष पुढे आहे: जोडणीने किंवा टेबलाने अक्षरे फेकून दिली आहेत, आणि ती परत मिळत नाहीत. टोप्यांची अक्षरे बहुधा दुरुस्त करता येतात. जावानेही १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट धरले.

आणि ते रीस्टार्ट

रीस्टार्टने बरे वाटते, हे नाकारायचे कारण नाही. पूल पुन्हा भरतो, अडकलेले थ्रेड सुटतात, ग्राहक शांत होतो. पण कारण सांगणारा सगळा पुरावाही त्याच क्षणी जातो, आणि पुढच्या सोमवारी ये रे माझ्या मागल्या. त्यातला मोलाचा पुरावा थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे त्याची नोंद. तिच्यात दोनशेपैकी बहुतेक थ्रेड एकाच ओळीवर उभे दिसले की वेगळे निदान करावे लागत नाही. ती ओळ कनेक्शन मागण्याची असेल तर पूल, सॉकेट वाचण्याची असेल तर पलीकडची सेवा. जावात जोडणीची आणि वाचण्याची मुदत तुम्ही दिली नाही तर बऱ्याच ठिकाणी ती अमर्याद असते, आणि पलीकडची एक मंद सेवा तुमचा अख्खा सर्व्हर उभा ठेवते. वेबलॉजिक दहा मिनिटे अडकलेला थ्रेड आपणहून लॉगमध्ये नोंदवतो. टॉमकॅटमध्येही तशी सोय आहे, पण तो व्हॉल्व्ह स्वतः लावावा लागतो. 'क्लोज वेट' स्थितीतल्या जोडण्या वाढत असतील तर समोरच्याने फोन ठेवला आणि आपल्या ॲपने ठेवला नाही, असा अर्थ. 'टाइम वेट' मात्र पुष्कळदा निरुपद्रवी असतो, त्याच्यामागे कर्नलच्या सेटिंगा फिरवत बसू नये.

ज्यांच्या हातात रनबुक लिहिण्याचे काम आहे त्यांना विनंती एवढीच: 'रीस्टार्ट करा' या ओळीच्या वर तीन ओळी घाला. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप घ्या, 'एसएस'चे आउटपुट फाइलमध्ये ठेवा, आणि सर्व्हर शेवटचा सुरू झाला तेव्हापासूनचा लॉग, वॉर्निंगांसकट, कॉपी करा. आवृत्ती बदलणार असाल तर टॉमकॅटच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीसोबत येणारी मायग्रेशन गाइड आधी वाचा. डिफॉल्ट काय बदलले ते तिच्यात दिलेले असते. पुरावा गोळा करायला दोन मिनिटे लागतात, आणि दोन मिनिटे कुठलाही ग्राहक थांबतो.